गावाकडून पुण्यात येताना मुलांसाठी परवडणारी सेमी-इंग्रजी शाळा कशी निवडावी

बीड, लातूर, धाराशिव, नांदेड, जळगाव अशा जिल्ह्यांतून पुणे आणि पिंपरी-चिंचवड परिसरात कामासाठी येणाऱ्या कुटुंबांची नोकरी आधी ठरते, मग भाड्याची खोली ठरते आणि मुलांच्या शाळेचा प्रश्न बहुधा जूनच्या पहिल्या आठवड्यात हाती घेतला जातो. तोपर्यंत घराजवळच्या चांगल्या शाळांतील जागा भरलेल्या असतात. मग ज्या शाळेची व्हॅन गल्लीच्या तोंडापर्यंत येते आणि जिच्या फलकावर ‘इंटरनॅशनल’ असे लिहिलेले असते, तिथे पहिला हप्ता भरून पालक मोकळे होतात, आणि वर्षभर तो निर्णय निस्तरत राहतात. पुढील मार्गदर्शन अशा कुटुंबांसाठी आहे. ते पुणे परिसर डोळ्यांसमोर ठेवून लिहिले असले, तरी कायदे आणि राज्य मंडळाची पद्धत सर्वत्र सारखी असल्यामुळे नाशिक, छत्रपती संभाजीनगर किंवा ठाण्यात जाणाऱ्यांनाही त्यातील बहुतेक भाग लागू पडेल.

माझे मत आरंभीच सांगतो. ज्या घरात आईवडील मराठी शाळेत शिकलेले आहेत, मूल जिल्हा परिषदेच्या शाळेतून येत आहे आणि महिन्याची मिळकत बेताची आहे, त्या घरासाठी चालत जाण्याच्या अंतरावरील अनुदानित किंवा महापालिकेची सेमी-इंग्रजी शाळा ही बहुतेक वेळा सर्वांत शहाणपणाची निवड ठरते. अपवाद आहेत आणि ते पुढे येतीलच.

सेमी-इंग्रजी म्हणजे नेमके काय

महाराष्ट्रात सामान्य कुटुंबाला परवडणारी द्विभाषिक शाळा म्हणजे व्यवहारात सेमी-इंग्रजी शाळा. तिच्यात गणित आणि विज्ञान इंग्रजीतून शिकवले जाते, तर इतिहास, नागरिकशास्त्र, भूगोल हे विषय मराठीतून शिकवले जातात. इंग्रजी हा विषय तर राज्यातील मराठी शाळांत २००० सालापासून पहिलीपासूनच आहे. सामान्य विज्ञान हा स्वतंत्र विषय सहावीपासून सुरू होतो आणि त्याआधी तो परिसर अभ्यासात सामावलेला असतो, त्यामुळे प्राथमिक वर्गांतील सेमी म्हणजे मुख्यतः इंग्रजीतील गणित, हे पालकांनी ध्यानात घ्यावे. दहावीच्या परीक्षेत सेमीचे विद्यार्थी गणित आणि विज्ञानाच्या प्रश्नपत्रिका इंग्रजीतून सोडवतात, आणि अकरावीची विज्ञान शाखा जवळपास सर्वत्र इंग्रजीतूनच असल्याने त्यांना तिथे नव्याने भाषा बदलावी लागत नाही.

पूर्ण इंग्रजी माध्यमाच्या तुलनेत सेमीचा मोठा लाभ घरात दिसतो. मराठी शाळेत शिकलेली आई इतिहासाचा धडा मुलाकडून वाचून घेऊ शकते, त्याला प्रश्न विचारू शकते आणि भूगोलाचा नकाशा समजावू शकते. तेच पुस्तक इंग्रजीत आले की तिचा त्या अभ्यासातील सहभाग संपतो आणि त्या जागी शिकवणी येते. कमी फीच्या इंग्रजी शाळेत मूल घालणाऱ्या कुटुंबाला दुसरीतिसरीपासूनच शिकवणीचा खर्च सुरू होतो, तो प्रामुख्याने याच कारणाने. बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा अधिकार अधिनियम, २००९ हा कायदाही शक्य तेथवर शिक्षणाचे माध्यम मुलाची मातृभाषा असावी असेच म्हणतो.

मात्र सेमी प्रत्येक इयत्तेत सारख्याच सहजतेने स्वीकारता येत नाही. पाचवीपर्यंत येणारे मूल थोड्या मदतीने सेमीत रुळते. सहावीत येणाऱ्या मुलाची उन्हाळ्याच्या सुटीत तयारी करून घ्यावी. सातवी-आठवीत येणाऱ्या मुलाचे गणित मराठीतून पक्के असेल तरच सेमीचा विचार करावा, कारण तिथे नवी भाषा आणि बीजगणिताची नवी कल्पना अशी दोन ओझी एकदम डोक्यावर येतात. नववी-दहावीत माध्यम बदलू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. दहावीत मराठीतून चांगले गुण मिळवून अकरावीत इंग्रजीशी झगडणारी मुले पुढे नीट मार्गी लागतात. दहावीतच गणितावरचा विश्वास गमावलेल्या मुलाला सावरणे त्याहून फार कठीण असते.

गाव सोडण्याआधी करायची कामे

शहरातील शाळेची निम्मी तयारी गावातच होते. शाळा सोडल्याचा दाखला घेण्याआधी मुख्याध्यापकांना भेटून जनरल रजिस्टरमधील मुलाची नोंद स्वतःच्या डोळ्यांनी पाहावी. मुलाचे पूर्ण नाव, वडिलांचे व आईचे नाव, आडनावाचे शुद्धलेखन, जन्मतारीख, जन्मस्थळ आणि जात-पोटजात या नोंदी जन्मदाखल्याशी आणि आधार कार्डाशी जुळतात का, हे एकेक अक्षर लावून तपासावे. चूक असेल तर मूल त्या शाळेच्या पटावर असेपर्यंत दुरुस्तीचा मार्ग तुलनेने सोपा असतो. दाखला निघून गेल्यावर तीच दुरुस्ती शिक्षणाधिकाऱ्यांच्या कार्यालयापर्यंत जाते आणि गावी पुन्हा पुन्हा फेऱ्या माराव्या लागतात. जातीच्या नोंदीबाबत विशेष दक्षता घ्यावी, कारण पुढे जात पडताळणीच्या वेळी प्राथमिक शाळेतील हीच नोंद पुरावा म्हणून मागितली जाते. शक्य असेल तर वडिलांच्या आणि आजोबांच्या शाळेच्या दाखल्यांच्या प्रतीही याच फेरीत मिळवाव्यात. शहरातून त्या कामासाठी सुटी काढणे रोजंदारीवरच्या माणसाला परवडत नाही.

दाखल्यासोबत प्रगतिपुस्तक, जन्मदाखला आणि आधार कार्डाच्या प्रती घ्याव्यात. मुलाची नोंद आता राज्याच्या ‘सरल’ आणि केंद्राच्या यू-डायस प्लस या संगणकीय प्रणालींवरही असते. नव्या शाळेने मागणी केल्यावर जुन्या शाळेने ती नोंद ऑनलाइन वर्ग करावी लागते, म्हणून मुख्याध्यापकांचा किंवा वर्गशिक्षकांचा फोन नंबर लिहून घ्यावा आणि जुन्या शाळेचा अकरा अंकी यू-डायस क्रमांक दाखल्यावर आहे ना, ते पाहावे. महाराष्ट्रातील शाळांचा हा क्रमांक २७ ने सुरू होतो.

स्थलांतराची वेळ निवडणे हातात असेल तर एप्रिल अखेर ते जूनचा पहिला पंधरवडा हा काळ सर्वांत चांगला, कारण राज्य मंडळाच्या शाळा जूनच्या मध्यावर उघडतात. तो साधत नसेल तर दिवाळीच्या सुटीत, म्हणजे दोन सत्रांच्या मध्ये यावे. पाचवी आणि आठवीच्या वर्षी ही काळजी अधिक घ्यावी. २०२३ च्या अखेरीस झालेल्या नियमबदलानंतर या दोन इयत्तांना वार्षिक परीक्षा असते, आणि पुनर्परीक्षेतही उत्तीर्ण न झालेल्या मुलाला त्याच वर्गात राहावे लागू शकते. फेब्रुवारीत शाळा बदलून मार्च-एप्रिलमध्ये नव्या भाषेतील गणिताच्या परीक्षेला बसवणे हा मुलावर अन्याय आहे.

आणखी एक बाब अनेकांना उशिरा कळते. जवाहर नवोदय विद्यालय या केंद्र सरकारच्या निवासी शाळेच्या सहावीच्या प्रवेशात किमान ७५ टक्के जागा ग्रामीण भागातील मुलांसाठी असतात, आणि त्या जागेवर दावा करायचा तर मुलाने तिसरी, चौथी आणि पाचवी ही तिन्ही वर्षे ग्रामीण भागातील शाळेतच शिकलेली असावी लागतात. हुशार मूल चौथीत असेल, नवोदयची इच्छा असेल आणि आजीआजोबा गावी असतील, तर पाचवी होईपर्यंत त्याला तिथेच ठेवण्याचा विचार गंभीरपणे करावा. शहरात आणले की तो हक्क जातो. गावची शाळा म्हणजे कमी दर्जाची, हा समजही इथे आड येऊ देऊ नये. शिरूर तालुक्यातील वाबळेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेने तो केव्हाच खोटा ठरवला आहे.

शाळांचे प्रकार आणि पैशांचा हिशेब

महापालिकेच्या शाळांत शिक्षण, पुस्तके आणि दुपारचे जेवण यांसाठी पैसे लागत नाहीत, आणि पुणे व पिंपरी-चिंचवड या दोन्ही महापालिकांच्या काही शाळांत सेमी-इंग्रजीचे वर्ग आहेत. त्यांचा दर्जा शाळेगणिक बदलतो आणि तो मुख्याध्यापकांवर व एकदोन शिक्षकांवर अवलंबून असतो, त्यामुळे ऐकीव मतावर त्या वगळू नयेत आणि ऐकीव मतावर स्वीकारूही नयेत. यांतील बऱ्याच शाळा सातवी किंवा आठवीपर्यंतच असतात, म्हणून पुढे मुले कुठे जातात हे आधी विचारावे.

अनुदानित खासगी शाळांत शिक्षकांचे वेतन शासन देते. पुण्यात जुन्या संस्थांच्या अशा शाळा पुष्कळ आहेत. १८८४ साली स्थापन झालेली डेक्कन एज्युकेशन सोसायटी, कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली सुरू केलेली आणि हडपसरमध्ये साधना विद्यालय चालवणारी रयत शिक्षण संस्था ही त्यांपैकी ठळक नावे. या शाळांतील माध्यमिक विभाग पाचवीपासून सुरू होत असल्याने पाचवीत त्यांच्याकडे बाहेरच्या मुलांसाठी बऱ्याच जागा उघडतात, आणि गावाकडून येणाऱ्या कुटुंबासाठी हा प्रवेशाचा सर्वांत सोयीचा टप्पा असतो. इथे एक खाचखळगा आहे. शाळा अनुदानित असली तरी तिची सेमी-इंग्रजीची तुकडी विनाअनुदानित असू शकते, आणि मग त्या तुकडीसाठी वेगळे शुल्क द्यावे लागते. म्हणून ‘शाळा अनुदानित आहे का’ एवढे विचारून थांबू नये. ‘माझ्या मुलाला मिळणारी तुकडी अनुदानित आहे का’ असे विचारावे.

तिसरा प्रकार स्वयंअर्थसहाय्यित शाळांचा. त्यांना शासनाचे अनुदान नसते आणि सगळा खर्च फीमधून निघतो. यांत चांगल्या सेमी शाळा आहेत, पण कमी फी घेऊन शिक्षकांना तुटपुंजे वेतन देणाऱ्या आणि म्हणून दर वर्षी शिक्षक बदलणाऱ्या शाळाही आहेत. गणिताचे शिक्षक या शाळेत किती वर्षे आहेत, हा प्रश्न अशा ठिकाणी अवश्य विचारावा.

शिक्षण हक्क कायद्यातील २५ टक्के राखीव जागांबद्दलही स्पष्ट कल्पना असावी. खासगी विनाअनुदानित शाळांत पहिली किंवा त्याआधीच्या प्रवेशवर्गात या जागा असतात. अर्ज ऑनलाइन करावा लागतो आणि निवड सोडतीने होते. आर्थिकदृष्ट्या दुर्बल गटासाठी वार्षिक उत्पन्नाची मर्यादा एक लाख रुपये आहे, तर अनुसूचित जाती-जमातींसारख्या वंचित गटांना ही मर्यादा लागू नाही. भाड्याने राहणाऱ्यांकडे नोंदणीकृत भाडेकरार लागतो आणि तो अर्ज भरण्याआधीच्या तारखेचा असावा लागतो. अर्ज शाळा उघडण्याच्या कित्येक महिने आधी भरले जात असल्यामुळे जूनमध्ये पुण्यात आलेल्या कुटुंबाची ती संधी त्या वर्षापुरती गेलेली असते. जवळ सरकारी शाळा असेल तर खासगी शाळेत या जागा मिळत नाहीत, असे कोणी सांगितले तर ते मानू नये. फेब्रुवारी २०२४ मध्ये शासनाने तसा बदल केला होता आणि जुलै २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो रद्द केला. तरीही हा मार्ग धरण्याआधी विचार करावा, कारण ही सवलत आठवीपर्यंतच असते. नववीपासून त्या शाळेची पूर्ण फी भरावी लागते आणि ती झेपली नाही तर अत्यंत नाजूक वयात मुलाची शाळा बदलावी लागते.

फी विचारताना नेहमी संपूर्ण वर्षाचा खर्च विचारावा. शिक्षण शुल्क, सत्र शुल्क, परीक्षा शुल्क, गणवेशाचे दोन जोड व खेळाचा वेगळा पोशाख, बूट, वह्या-पुस्तके, व्हॅन, स्नेहसंमेलन, सहल आणि शिकवणी हे सर्व एका कागदावर मांडले की दोन शाळांतील खरा फरक दिसतो. यांत व्हॅनचा खर्च सर्वांत फसवा असतो. समजा व्हॅनचे महिन्याला १,५०० रुपये पडतात. दहा महिन्यांचे १५,००० झाले. तेवढ्याच पैशांत दरमहा १,२५० रुपये जास्त भाडे देऊन शाळेच्या जवळची खोली घेता येते, मुलाचा रोजचा प्रवासाचा वेळ वाचतो आणि पालकांना शाळेत सहज जाता येते. म्हणून, जमेल तर शाळा आधी ठरवावी आणि खोली नंतर. भोसरी, चाकण, तळवडे किंवा हडपसर अशा कामाच्या ठिकाणाभोवती पाच-सहा शाळांची यादी करून मगच भाड्याची जागा शोधायला लागावे. महाराष्ट्राच्या नियमांनुसार पहिली ते पाचवीसाठी एक किलोमीटर आणि सहावी ते आठवीसाठी तीन किलोमीटर हे शाळेचे अपेक्षित अंतर आहे, आणि घर शोधताना तोच दंडक वापरणे सोयीचे ठरते.

शुल्काबाबत कायदा पालकांच्या बाजूने बराच आहे, फक्त तो माहीत असावा लागतो. महाराष्ट्र शैक्षणिक संस्था (शुल्क विनियमन) अधिनियम, २०११ नुसार शाळेचे शुल्क पालक-शिक्षक संघाच्या कार्यकारी समितीसमोर ठेवावे लागते आणि एकदा ठरलेले शुल्क दोन शैक्षणिक वर्षे कायम राहते. देणगी किंवा कॅपिटेशन फी घेण्यास राज्यात १९८७ पासून कायद्याने बंदी आहे. ‘इमारत निधी’ किंवा ‘ऐच्छिक देणगी’ अशा नावाने पैसे मागितले गेले तर लेखी मागणी मागावी. ती बहुधा दिली जात नाही आणि विषय तिथेच संपतो. प्रत्येक रकमेची शाळेच्या नावाची, शिक्का असलेली पावती घ्यावी आणि कोणाही व्यक्तीच्या खात्यावर किंवा मोबाइल नंबरवर फी पाठवू नये.

शाळा प्रत्यक्ष पाहताना

माहितीपत्रक, चकचकीत प्रवेशद्वार आणि संगणक कक्ष यांवरून शाळेचे अध्यापन कळत नाही. शक्यतो शाळा सुरू असताना, म्हणजे मार्च-एप्रिलमध्ये एखाद्या कामाच्या दिवशी जावे. त्यासाठी गावाहून एक फेरी मारावी लागली तरी ती मारावी. शाळा सुटण्याच्या वेळी फाटकाबाहेर उभे राहून पाचवी-सहावीच्या पालकांशी बोलावे, आणि त्यांची परवानगी घेऊन त्यांच्या मुलाची गणिताची वही पाहावी.

या वहीइतका प्रामाणिक पुरावा दुसरा नाही. इंग्रजीतील शाब्दिक उदाहरणे मुलाने स्वतः सोडवली आहेत की फळ्यावरून जशीच्या तशी उतरवली आहेत, हे दोन पाने उलटली की समजते. सगळ्या मुलांच्या वहीत अगदी तीच वाक्ये, तीच मांडणी आणि एकही चूक नसेल, तर तिथे उतरवणे चालले आहे. चुका असतील, शिक्षकांनी चूक नेमकी कुठे झाली ते लिहिले असेल आणि मुलाने ते उदाहरण पुन्हा सोडवले असेल, तर तिथे शिकवणे चालले आहे. त्या मुलाला मायेने विचारावे की हे उदाहरण मराठीत सांगशील का. जे मूल इंग्रजीत सोडवलेले उदाहरण मराठीत सांगू शकते, त्याला गणितही आले आहे आणि भाषाही. उत्तर बरोबर असूनही जे गोंधळून गप्प राहते, त्याचे काय चालले आहे ते सांगायला नको.

मुख्याध्यापकांना भेटल्यावर एक प्रश्न आवर्जून विचारावा: इंग्रजीतून शिकवलेले गणित मुलाला कळले नाही, तर शिक्षक काय करतात? चांगल्या सेमी शाळेतील शिक्षक कल्पना आधी मराठीत समजावतात, अपूर्णांक शिकवताना भाकरीचे चार भाग करून दाखवतात, मग त्याच कल्पनेसाठी न्युमरेटर, डिनॉमिनेटर हे शब्द देतात आणि शेवटी इंग्रजीतील उदाहरण मुलांकडून सोडवून घेतात. अशा शाळेतील मुख्याध्यापक हे न संकोचता सांगतात. ‘आमच्याकडे वर्गात मराठी बोलायला परवानगीच नाही’ असे अभिमानाने सांगणारी शाळा सेमी म्हणवत असली, तरी तिला सेमीचा अर्थ समजलेला नाही, आणि गावाकडून आलेल्या मुलाचे तिथे सर्वाधिक हाल होतात. गणिताच्या शिक्षकांचे स्वतःचे शिक्षण, त्यांचा या शाळेतील अनुभव आणि ते किती वर्गांना शिकवतात, हेही विचारावे. कायद्याप्रमाणे पहिली ते पाचवीत तीस मुलांमागे एक शिक्षक आणि सहावी ते आठवीत पस्तीस मुलांमागे एक शिक्षक असायला हवा. प्रत्यक्ष वर्गात साठ-सत्तर मुले दिसली तर नव्या मुलाकडे वेगळे लक्ष दिले जाण्याची आशा ठेवू नये.

सेमीचे वर्ग कोणत्या इयत्तेपर्यंत सलग आहेत, हा दुसरा महत्त्वाचा प्रश्न. काही शाळांत प्राथमिक सेमी आहे पण माध्यमिक नाही. काहींत आठवीला गुणांवरून सेमीची तुकडी ठरवतात आणि उरलेल्या मुलांना मराठी तुकडीत पाठवतात. चौथीपर्यंत इंग्रजीत गणित शिकलेल्या मुलाला पाचवीत पुन्हा मराठीत आणणे म्हणजे चार वर्षांची मेहनत पाण्यात घालणे आहे.

मुलाच्या बोलीकडे शाळा कशी पाहते, हे मला व्यक्तिशः फार महत्त्वाचे वाटते. अहिराणी, वऱ्हाडी, मराठवाडी वळणाची मराठी किंवा तांड्यावरची गोरमाटी बोलणारे मूल पुण्यातील वर्गात पहिल्या दिवशी तोंड उघडते, तेव्हा त्या वर्गातील शिक्षक हसतात, दुरुस्त करतात की कौतुकाने ऐकतात, यावर ते मूल पुढचे वर्षभर वर्गात बोलेल की नाही हे ठरते. जे मूल मराठीतच गप्प झाले, ते इंग्रजीत बोलणे शक्य नाही. शाळेत गावाकडून आलेली मुले किती आहेत आणि ती वर्गात कशी वावरतात, हे भेटीच्या वेळी पाहावे. मुलींचे स्वच्छ व आतून कडी लागणारे स्वच्छतागृह आणि पिण्याचे पाणी हेही त्याच फेरीत पाहून घ्यावे. मोठ्या वर्गातल्या मुलीला सोबत नेले तर ती दोन मिनिटांत खरी परिस्थिती सांगेल.

कागदपत्रांपैकी शाळेची मान्यता सर्वांत आधी तपासावी. यू-डायस क्रमांक विचारून तो संकेतस्थळावर पडताळावा आणि शाळेचे मान्यतेचे प्रमाणपत्र पाहायला मागावे. शिक्षण विभाग दर वर्षी अनधिकृत शाळांची यादी जाहीर करतो आणि ती वर्तमानपत्रांतही येते. मान्यता नसलेली शाळा चालवणाऱ्यांना एक लाखापर्यंत दंड आणि पुढे प्रत्येक दिवसाला दहा हजार रुपये दंडाची तरतूद आहे, पण त्या दंडाने मुलाचे वाया गेलेले वर्ष परत मिळत नाही. ‘सीबीएसई पॅटर्न’ या शब्दांपासूनही सावध राहावे. शाळेला मंडळाची संलग्नता असेल तर तिचा क्रमांक सांगता येतो, आणि ज्या शाळेला तो सांगता येत नाही तिला संलग्नता नाही असेच समजावे.

प्रवेश नाकारला गेला तर

पहिली ते आठवीच्या प्रवेशासाठी मुलाची किंवा पालकांची परीक्षा अथवा मुलाखत घेण्यास कायद्याने मनाई आहे. पहिल्या वेळी पंचवीस हजार आणि त्यानंतर प्रत्येक वेळी पन्नास हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. सरकारी किंवा अनुदानित शाळेत बदली मागणाऱ्या मुलाचा दाखला यायला उशीर झाला, एवढ्या कारणावरून प्रवेश लांबवता किंवा नाकारता येत नाही. वर्षाच्या मध्येच आलेल्या मुलालाही प्रवेशाचा हक्क आहे आणि जन्मदाखला नाही म्हणून परत पाठवता येत नाही. तरीही नकार मिळाला तर वाद न घालता प्रवेशासाठी लेखी अर्ज द्यावा आणि त्याच्या प्रतीवर पोच घ्यावी. पोच मागितली की अनेक ठिकाणी नकाराचे स्वरूप बदलते. न बदलल्यास तीच प्रत जोडून प्राथमिक वर्गांसाठी महापालिकेच्या शिक्षण विभागाकडे, माध्यमिकसाठी जिल्हा परिषदेच्या माध्यमिक शिक्षणाधिकाऱ्यांकडे आणि महापालिकेच्या हद्दीबाहेरील गावांत गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे तक्रार करावी.

प्रवेशानंतरचे पहिले सत्र

प्रवेश झाला की सुटीतच नव्या इयत्तेचे सेमीचे गणिताचे पुस्तक आणून ठेवावे. बालभारतीची पुस्तके तिच्या संकेतस्थळावर विनामूल्य उतरवून घेता येतात, त्यामुळे एकाच इयत्तेचे मराठी आणि इंग्रजी पुस्तक शेजारी ठेवून तेच प्रकरण दोन्ही भाषांत पाहता येते. माझ्या मते नव्या मुलासाठी याहून स्वस्त आणि उपयुक्त शिकवणी नाही. रोज एक उदाहरण आधी मराठीत वाचावे, सोडवावे आणि मग तेच इंग्रजीत वाचावे. आईवडिलांना इंग्रजी येत नसले तरी मराठी पुस्तक हातात धरून ते मुलाकडून हे करून घेऊ शकतात.

लहान वर्गांत दोन अडचणी हमखास येतात आणि त्यांकडे मंदबुद्धीची खूण म्हणून पाहिले जाते, ते चूक आहे. मराठी माध्यमात देवनागरी अंकांची सवय झालेल्या मुलाला इंग्रजी अंक पटकन लिहिता येत नाहीत. त्याहून मोठी अडचण संख्या ऐकून लिहिण्याची असते. आपण सत्तेचाळीस म्हणताना सात आधी उच्चारतो, तर इंग्रजीत फॉर्टी सेव्हन म्हणताना चाळीस आधी येतात, त्यामुळे मूल काही आठवडे ४७ च्या जागी ७४ लिहिते. रोज दहा संख्या ऐकून लिहिण्याचा सराव घेतला की हे बहुतेक मुलांत गणपतीपर्यंत सुटते. मोठ्या वर्गांत अडथळा आकडेमोडीचा नसतो, तो शाब्दिक उदाहरणांतील छोट्या जोडशब्दांचा असतो. ‘पेक्षा कमी’, ‘प्रत्येकी’, ‘एकूण’, ‘उरलेले’ या अर्थांचे इंग्रजी शब्द एका वहीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवावेत आणि प्रत्येक प्रकरणागणिक त्यांत भर घालावी.

पहिल्या घटक चाचणीत गुण घसरले तर घाबरून शिकवणी लावू नये आणि मुलाला बोलू नये. वर्गशिक्षकांना भेटून गणित अडते आहे की भाषा, एवढे विचारावे, आणि घरी तेच उदाहरण मराठीत देऊन स्वतः खात्री करावी. मराठीत सुटत असेल तर प्रश्न भाषेचा आहे आणि तो वेळेने सुटतो. मराठीतही सुटत नसेल तर मागील इयत्तेचे मराठी पुस्तक काढून तिथून सुरुवात करावी. प्रथम सत्राच्या परीक्षेनंतरही, म्हणजे दिवाळीच्या सुटीपर्यंत, मूल गणिताच्या तासाला पोटात दुखते म्हणून घरी राहू पाहत असेल किंवा वही लपवत असेल, तर त्याच शाळेतील मराठी माध्यमाच्या तुकडीत बदली मिळते का हे मुख्याध्यापकांना विचारावे. शाळा निवडतानाच जिच्यात सेमी आणि मराठी अशा दोन्ही तुकड्या आहेत तिला झुकते माप द्यावे, ते याचसाठी; तिथे माध्यम बदलताना मुलाचे मित्र, शिक्षक आणि शाळेचा रस्ता तसाच राहतो.